२०१८ चं मॉडेल की २०१८ चं पासिंग? जुन्या इकोस्पोर्टच्या एका खरेदीची गोष्ट

मी वाहन विम्याचा सर्व्हेअर आहे. ठोकलेली, बुडालेली, जळालेली गाडी बघायची आणि नुकसान किती ते कागदावर मांडायचं, हे माझं १९ वर्षांचं काम. त्यामुळे ओळखीतलं कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या सालची घेऊ?" या प्रश्नाचं उत्तर शोधताना एका कुटुंबाचे तीन महिने कसे गेले, ते इथे सविस्तर लिहितो आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. गाड्यांबद्दलचे तपशील तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारं पाच जणांचं कुटुंब. ताई ऐरोलीला नोकरीला जातात, त्यांचे यजमान बहुतेक दिवस घरूनच काम करतात, ७४ वर्षांचे सासरे आप्पा, आणि शाळेत जाणारी दोन मुलं. ताईंचं सासर आणि माहेर दोन्ही चिपळूणकडचं. शिमगा, मे महिना आणि गणपती अशा वर्षाला तीन फेऱ्या तरी ठरलेल्याच.

घरात दहा वर्षांची एक छोटी हॅचबॅक होती. डिसेंबर २०२३ मध्ये ताईंच्या डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. पाच महिन्यांनी गाडी चालवा, पण क्लचची गाडी शक्यतो नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. ज्यांनी संध्याकाळी सहाला माजिवड्याचा उड्डाणपूल ते गायमुख हा पट्टा पार केला आहे, त्यांना यातलं गांभीर्य वेगळं सांगायला नको. तासाभरात डावा पाय दोनशे वेळा दाबायचा आणि सोडायचा. आप्पांची अडचण वेगळी होती. त्यांना बसक्या गाडीत वाकून शिरता येत नव्हतं आणि उतरताना कुणाचा तरी हात लागायचा.

म्हणजे गाडी हवी होती ऑटोमॅटिक, पेट्रोल, जरा उंच सीटची, सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये मावणारी. बजेट टायर, विमा, नावावर करण्याचा खर्च धरून साडेसहा लाख. ताईंच्या बहिणीकडे फोर्डची इकोस्पोर्ट होती, ती सगळ्यांनी वापरलेली होती, आप्पा तिच्यात आरामात चढत-उतरत. चार मीटरच्या आतली लांबी आणि २०० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, त्यामुळे गावचा शेवटचा कच्चा रस्ताही जमण्यासारखा होता. मन तिच्यावरच बसलं होतं.

अडचण

यजमानांनी एक्सेलमध्ये तक्ता केला होता. २६ गाड्या, प्रत्येकीपुढे साल, किलोमीटर, मालक कितवा, किंमत. गाळण्याचा नियम त्यांनी असा ठेवला होता: २०१५ च्या नंतरची, एक मालक, साठ हजारांच्या आत. मला तक्ता दाखवून म्हणाले, "दादा, यातल्या कुठल्या सालावर शिक्का मारू?"

मी त्यांना विचारलं, हे साल कुठून घेतलं? जाहिरातीतून. जाहिरातीतलं साल म्हणजे पासिंगचं, आरटीओत नोंदणी झाल्याचं साल. आपल्याकडे सगळा बाजार पासिंगच्या तारखेवर बोलतो. गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली हे आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कार्डावर, महिना-वर्षासकट छापलेलं असतं, पण जाहिरातीत ते कुणी लिहीत नाही. गाडी सप्टेंबरात बनते, डीलरच्या यार्डात उन्हापावसात उभी राहते आणि जानेवारीत सवलत देऊन विकली जाते. पुढे दुसऱ्या खरेदीदारासमोर ती एक वर्ष 'लहान' होऊन येते.

एरवी एवढ्या फरकाने फार बिघडत नाही. इकोस्पोर्टच्या बाबतीत मात्र एक तारीख आहे आणि तिच्या अलीकडची गाडी पलीकडच्या गाडीपेक्षा आतून वेगळी आहे.

ही गाडी भारतात जून २०१३ मध्ये आली. त्या वेळच्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये दीड लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि सहा गिअरचा दोन क्लचचा गिअरबॉक्स होता. कंपनी त्याला पॉवरशिफ्ट म्हणायची. नोव्हेंबर २०१७ मध्ये गाडीचं मोठं नूतनीकरण झालं, तेव्हा हे इंजिन गेलं आणि गिअरबॉक्सही गेला. नवीन तीन सिलिंडरचं १२३ पीएसचं ड्रॅगन इंजिन आलं आणि त्याच्यासोबत सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स. डिझेलमध्ये ऑटोमॅटिक कधी आलीच नाही, इकोबूस्ट या एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनातही नाही. त्यामुळे 'इकोस्पोर्ट पेट्रोल ऑटोमॅटिक' या तीन शब्दांत दोन वेगळ्या गाड्या लपलेल्या आहेत, आणि तक्त्यात त्या एकाच रांगेत बसल्या होत्या.

फरक किती मोठा आहे हे समजायला गिअरबॉक्सच्या आत डोकवावं लागतं. पॉवरशिफ्टमधले दोन्ही क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. आपण क्लचच्या गाडीत अर्धा क्लच धरून गाडी मुंगीच्या पावलाने सरकवतो, तेच काम हा गिअरबॉक्स स्वतःच्या प्लेटांवर करतो. सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये प्लेटा सतत घासत राहतात, तापतात, आणि तापून गुळगुळीत झाल्या की पकडताना गाडी थरथरते. या जातीच्या गिअरबॉक्समध्ये इनपुट शाफ्टच्या सीलमधून तेल गळून कोरड्या क्लचवर जाण्याचाही त्रास जगभर नोंदला गेला. ऑस्ट्रेलियात फोकस, फिएस्टा आणि इकोस्पोर्ट या तीन गाड्यांच्या ग्राहकांच्या तक्रारी नीट हाताळल्या नाहीत म्हणून एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने फोर्ड ऑस्ट्रेलियाला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला होता.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा दुवा तेलाचा. गाडी सरकताना घासायला प्लेट नसते, तेल तेलाला ढकलतं. तंत्र जुनं आहे, मायलेज थोडं कमी मिळतं, पण घोडबंदर रोडसाठी मी डोळे मिटून हेच सांगेन.

इथे एक गोष्ट मी त्यांना त्याच दिवशी सांगितली, कारण ती दडवून सल्ला देणं बरोबर झालं नसतं. चांगल्या गिअरबॉक्ससोबत जे ड्रॅगन इंजिन येतं, त्याचा टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्येच फिरतो. रचना वाईट नाही, पण ती ऑइलच्या बाबतीत माफ करत नाही. ऑइल बदलायला उशीर झाला किंवा भलत्याच प्रतीचं टाकलं, तर बेल्टचं रबर झिजतं आणि त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. जाळी बुजली की इंजिनाला तेल पोचत नाही. म्हणजे नूतनीकरणाच्या आधीच्या गाडीत गिअरबॉक्सची काळजी, नंतरच्या गाडीत सर्व्हिसच्या बिलांची. "चांगलं साल" असं एक काही निघत नव्हतं. आपली गाडी कशी वापरली जाणार आहे ते धरून, कुठली काळजी आपल्याला पेलेल ते निवडायचं होतं.

तोललेले पर्याय

इकोस्पोर्ट सोडूनही विचार झाला. ह्युंदाई क्रेटाची १.६ पेट्रोल ऑटोमॅटिक सगळ्यांना आवडली, पण चांगल्या अवस्थेतली गाडी बजेटच्या लाख-दीड लाख वर जात होती. ब्रेझाची पेट्रोल ऑटोमॅटिक २०२० ची, ती त्याहून महाग. नेक्सॉनची एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर यंत्राने बदलणारी गाडी, बजेटमध्ये बसत होती. ती ताईंनी चालवून पाहिली. गिअर बदलताना एएमटी जो क्षणभर श्वास धरते, तेवढ्याने त्यांचं शरीर नकळत पुढे झुके आणि ऑपरेशन झालेला पाय टेकवला जाई. एएमटी चालवायची सवय होते हे खरं, पण तेव्हा त्यांना ती सवय करून घ्यायची नव्हती. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. गाडी रोज चालवणाऱ्याचं अंग जे सांगतं, ते तक्त्यातल्या कुठल्याही रकान्याच्या वर धरावं.

मग प्रश्न उरला कंपनीचा. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ ला भारतात गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि सुटे भाग चालू राहतील असंही सांगितलं. यावर घरात दोन तट पडले. आप्पांचं म्हणणं, "कारखानाच बंद झाला त्याची गाडी कशाला?" यजमानांचं म्हणणं, म्हणूनच तर ती स्वस्त मिळते आहे. मी सांगितलं की वाद घालण्यापेक्षा एक शनिवार घालवा. ते दोघं घरापासून जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन आले. तिथे काय काय लवकर मिळतं, काय मागवावं लागतं, किती दिवस लागतात, हे काउंटरवर विचारलं. फिल्टर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे भाग हातोहात. बॉडीचे भाग आठवडा ते तीन आठवडे. आप्पांनी हे स्वतः ऐकलं आणि त्यांचा विरोध मावळला. माझ्या शब्दाने तो मावळला नसता.

काय काय केलं

चार गाड्या प्रत्यक्ष पाहिल्या. प्रत्येकीने एक वेगळा निर्णय घ्यायला लावला.

पहिली २०१६ ची, एका निवृत्त डॉक्टरांची, ४८ हजार किलोमीटर, मागणी ४ लाख ३० हजार. अशी नीट ठेवलेली गाडी मी वर्षातून दोनदा पाहतो. सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या, सीटवर एक डाग नाही. सकाळी सातला उपवनच्या रस्त्याने चालवली, मग माझ्या आग्रहावरून संध्याकाळी गर्दीतही चालवली. दोन्ही वेळा गाडी छान चालली. आम्हाला तिच्यात एकही दोष सापडला नाही.

तरीही मी नको म्हटलं. या प्रकरणातला सगळ्यात कठीण क्षण तोच होता. यजमान वैतागले, आणि त्यांचं वैतागणं समजण्यासारखं होतं. त्यांचा हिशेब असा: नव्या गिअरबॉक्सच्या गाडीपेक्षा ही दोन लाखांनी स्वस्त, उद्या गिअरबॉक्सचं काम निघालंच तर त्या दोन लाखांत होईल. मी म्हटलं, डॉक्टरसाहेबांची गाडी आठ वर्षांत ४८ हजार चालली ती बहुतेक सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर. ताईंच्या हातात गेल्यावर ती रोज तीन तास सरकणार. क्लचच्या प्लेटांचं आयुष्य किलोमीटरने मोजण्यात अर्थ नाही, ते अर्ध्या क्लचमध्ये गेलेल्या तासांनी संपतं. शिवाय या गिअरबॉक्सचं काम करायला खास अवजारं लागतात आणि ते काम हाताखालून गेलेले कारागीर आता मोजकेच आहेत. हीच गाडी साताऱ्यात राहणाऱ्या, आठवड्यातून दोनदा बाहेर पडणाऱ्या जोडप्याला मी आनंदाने घ्यायला सांगितली असती.

ताईंनी त्यावर एवढंच विचारलं, "रस्त्यात बंद पडली तर मला ढकलायला उतरता येणार नाही, बरोबर?" तिथे विषय संपला.

दुसरी गाडी कल्याणकडच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे. जाहिरातीत '२०१८ मॉडेल, ऑटोमॅटिक, सिंगल ओनर', मागणी ५ लाख ७५ हजार. फोटो सगळे बाजूने आणि मागून काढलेले. यजमानांना ती लॉटरी वाटली, कारण नव्या गिअरबॉक्सची गाडी आणि तीही सहाच्या आत. यार्डात पोचलो आणि लांबूनच समोरची जाळी पाहून मला कळलं. नूतनीकरणानंतरच्या गाडीला मोठी, उभी, षटकोनी जाळी आहे. ही जुन्या तोंडाची होती. आत बसलो. नव्या ऑटोमॅटिकमध्ये स्टिअरिंगच्या मागे गिअर बदलायचे दोन पंखे (पॅडल) असतात, इथे बोट फिरवलं तर काही नाही. आरसी मागितली. नोंदणी जानेवारी २०१८. त्याच कार्डावर छोट्या अक्षरात उत्पादन: ०९/२०१७.

डीलरला दाखवलं तर तो शांतपणे म्हणाला, "ताई, ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक. पासिंग अठराचंच आहे ना?" तो एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. पासिंग अठराचंच होतं. खोट नव्हती, पण किंमत मात्र नव्या गाडीच्या जवळची लावली होती आणि माल जुन्या गाडीचा होता. नवं रूप बाजारात येण्याच्या आसपास यार्डातला जुना साठा सवलतीत काढतात, त्यातलीच ही एक असणार. परतताना यजमानांनी गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवर तक्त्यात एक नवा रकाना घातला: 'बनल्याचा महिना'. त्या रात्री त्यांनी उरलेल्या सगळ्या विक्रेत्यांकडून आरसीचा फोटो मागवला. निम्म्यांनी पाठवला. न पाठवणाऱ्यांची नावं त्यांनी खोडली, जुन्या गिअरबॉक्सच्या निघाल्या त्याही खोडल्या. २६ पैकी सात उरल्या.

तिसरीबद्दल जरा सावकाश लिहितो, कारण इथे माझा पेशा कामी आला आणि त्याहून जास्त ताई.

गाडी फेब्रुवारी २०१८ मध्ये बनलेली, मार्च २०१८ चं पासिंग, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर. एकच मालक, ४१ हजार किलोमीटर, मागणी ५ लाख ९० हजार. विकायला ठाण्यातल्या नातेवाइकाकडे आणून ठेवलेली. महिना बरोबर, गिअरबॉक्स बरोबर, पंखे जागेवर. कोल्हापूर पासिंग म्हणून गाडी वाईट ठरत नाही, तिथे हजारो उत्तम गाड्या आहेत. पण पंचगंगेच्या काठची कुठलीही गाडी पाहताना मी दोन तारखा विचारतोच: ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. गाडी तेव्हा कुठे उभी होती?

मालक म्हणाले, उंचावर होती. मी विम्याची चालू पॉलिसी मागितली. तिच्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, २५ टक्के होता. हिशेब साधा आहे. क्लेम न करता पॉलिसीचं पहिलं नूतनीकरण झालं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. एकाच मालकाकडे सहा वर्षं असलेल्या आणि कधीही क्लेम न झालेल्या गाडीला २०२४ मध्ये ५० टक्के मिळायला हवेत. २५ चा अर्थ, मागे कधीतरी तो शून्यावर आला होता. उलट मोजत गेलो: २०२४ ला २५, २०२३ ला २०, २०२२ ला शून्य. म्हणजे मार्च २०२१ ते मार्च २०२२ या वर्षात क्लेम झालेला. जुलै २०२१ त्याच वर्षात येतो.

नुसत्या यावरून पूर म्हणता येत नाही, क्लेम साध्या धडकेचाही असू शकतो. म्हणून आत पाहिलं. ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, अगदी शेवटच्या वीतभरापर्यंत, जो भाग एरवी कधी बाहेर येतच नाही. तिथे पट्ट्यावर आडवी तांबूस रेघ होती, चहाच्या कपाच्या तळाशी राहते तशी. सीटच्या खालच्या रुळांवर गंज होता, पण त्यावर काळा रंग मारलेला. मी पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचलला. ताई शेजारी वाकून बघत होत्या. त्या एकदम मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "हा वास मला माहीत आहे."

२२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा त्यांचं माहेर पहिल्या मजल्यापर्यंत बुडालं होतं. पाणी ओसरल्यावर आईच्या लोखंडी कपाटातून आलेला वास आणि या गालिच्याखालच्या फोमचा वास एकच होता. मी यंत्राशिवाय काढलेलं अनुमान त्यांनी नाकाने पक्कं केलं.

सीटच्या उंचीपर्यंत पाणी चढलेली गाडी विमा कंपनी बऱ्याचदा दुरुस्त करून परत देते. दुरुस्ती नीट झालीही असेल. पण वायरिंगच्या जोडण्यांत राहिलेला ओलावा पुढची चार-पाच वर्षं कुठून डोकं वर काढेल ते कुणीही सांगू शकत नाही, आणि जिचं सगळं काम सेन्सरवर चालतं ती ऑटोमॅटिक गाडी अशी घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. मालकांना मी शांतपणे कारण सांगितलं. त्यांनीही मग नाकारलं नाही. पूर त्यांच्याही घरात आलेला होता.

चौथी नाशिकची. जून २०१९ मध्ये बनलेली, जुलै २०१९ चं पासिंग, एमएच-१५, ३७ हजार किलोमीटर, मागणी ६ लाख ९० हजार. चारही टायरवर २२१९ हा आकडा. म्हणजे २०१९ च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेले मूळ टायर. मूळ टायर ३७ हजारांवर जितके झिजलेले दिसायला हवेत तितकेच झिजलेले होते, म्हणजे मीटर मागे फिरवलेलं नव्हतं. काचांवरचं वर्षही तेच. सीटबेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ. नो क्लेम बोनस सरळ चढत आलेला. नाशिक ते इगतपुरी आणि परत, ताईंनी स्वतः चालवली. घाटात एकदाही गिअरसाठी गाडी अडखळली नाही.

दोन गोष्टी खटकल्या. कर्ज फिटलेलं होतं, पण आरसीवर बँकेचं नाव अजून होतं. त्यावर दहा हजार टोकन देऊन, बँकेची एनओसी आणि आरसीवरचं बँकेचं नाव काढायचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत बाकी रक्कम थांबवली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पहिल्या चार सर्व्हिस अधिकृत ठिकाणी, पण २०२२ नंतरच्या दोन बाहेरच्या गॅरेजमध्ये झालेल्या. त्यातल्या एका बिलावर फक्त 'इंजिन ऑइल ४ लिटर' एवढंच. प्रत नाही, ब्रँड नाही. तेलात फिरणाऱ्या बेल्टच्या इंजिनासाठी हाच कागद सगळ्यात मोलाचा, आणि नेमका तोच मुका.

इथे पुन्हा मतभेद झाला. मला आणखी एक गाडी पाहायची होती. ताईंचा पाय बरा होऊन पंधरा दिवस झाले होते, रिक्षा आणि बस यांना त्या कंटाळल्या होत्या. शेवटी त्या शंकेपोटी किंमत खाली आणायची आणि गाडी घ्यायची असं ठरलं. ६ लाख १५ हजारांवर सौदा झाला. मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात गाडी ठाण्यात आली.

निष्पत्ती

हे लिहितो आहे तेव्हा १६ महिने आणि सुमारे १५ हजार किलोमीटर झाले आहेत. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला साडेनऊ, कोकणच्या वाटेवर चौदा. एआरएआय या गाड्यांची अधिकृत चाचणी करणाऱ्या संस्थेचा आकडा १४.८ आहे, त्यामुळे शहरातला आकडा पाहून यजमान पहिल्या महिन्यात नाराज होते. ताई नव्हत्या. त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या की घरी पोचल्यावर पहिल्यांदा पायावर बर्फ ठेवावा लागला नाही.

गाडी आल्या आल्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रतीचं ऑइल टाकलं, आणि पुढच्या बदलाची तारीख किलोमीटरच्या ऐवजी महिन्यांनी धरली, कारण ट्रॅफिकमध्ये इंजिन चालतं पण मीटर फिरत नाही. टायर जुने झालेले होते, चारही बदलले. पाच महिन्यांनी एका दुचाकीचा धक्का लागून पुढचा बंपर तुटला. भाग यायला १९ दिवस लागले. काउंटरवर आधी विचारून ठेवलेलं असल्यामुळे कुणी चिडलं नाही, तेवढे दिवस बंपर पट्टीने बांधून गाडी चालली.

बेल्टची शंका मात्र माझ्या मनातून जात नव्हती. ऑक्टोबरात एका माहितगार कारागिराकडून ऑइलचा सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवून पंपाची जाळी पाहिली. तो उताणा झोपून टॉर्च मारत होता आणि आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो. जाळी स्वच्छ निघाली. तळाशी रबराचा काळा कण नाही. सम्प पुन्हा सील करून बसवला, नवं ऑइल घातलं.

वेगळं काय करता आलं असतं

जाळीची तपासणी खरेदीच्या आधी व्हायला हवी होती. विक्रेता सम्प उतरवू देईलच असं नाही, पण विचारायला हवं होतं, आणि खर्च आम्ही करतो असं म्हणायला हवं होतं. जाळीत रबर निघालं असतं तर ६ लाख १५ हजार ही किंमत फार महागात पडली असती. ती जोखीम आम्ही घेतली ती घाईपोटी, आणि गाडी चांगली निघाली म्हणून तो निर्णय बरोबर ठरत नाही.

आरसीचा फोटो पहिल्या दिवशीच मागायला हवा होता. २६ गाड्यांचा तक्ता करण्यात आणि कल्याणची फेरी मारण्यात तीन आठवडे गेले. एका फोटोने ते वाचले असते.

पहिल्या, डॉक्टरांच्या गाडीबाबत माझं मत आजही तेच आहे. पण मी ते सांगितलं चुकीच्या वेळी. गिअरबॉक्सचा मुद्दा मला आधीपासून माहीत होता, तर ती गाडी दोनदा चालवायला जायचंच नव्हतं. एका सज्जन माणसाचा आख्खा दिवस घेतला आणि त्याच्या निर्दोष गाडीला नकार दिला. त्यांना मी नंतर फोन करून कारण सांगितलं, आणि साताऱ्याच्या बाजूचं एक गिऱ्हाईक पाठवलं. ती गाडी आता वाईला आहे.

कोल्हापूरची गाडी विक्रेत्याने ठाण्यात कुणाला काही न सांगता विकली असती, तर कदाचित कुणी पॉलिसीकडे पाहिलंही नसतं. म्हणून आता जो कुणी विचारतो, त्याच्याकडून मी आरसीसोबत विम्याच्या पॉलिसीचाही फोटो मागवतो, आणि गाडी गेली सहा वर्षं कुठल्या गावात उभी होती ते लिहून द्यायला सांगतो. ताईंच्या यजमानांच्या तक्त्यात आता हे दोन्ही रकाने आहेत. त्यांचा चुलतभाऊ सध्या त्याच तक्त्यावर डस्टर शोधतो आहे.